कधी येते, कधी येत नाही

लिफ्ट कायमची बंद पडली असती तर एवढं रामायण झालंच नसतं. बंद पडलेल्या लिफ्टला माणूस दोन शिव्या घालतो, जिना चढतो आणि विसरून जातो. ही लिफ्ट बंद पडत नव्हती. ती कधी यायची, कधी यायची नाही. का यायची नाही हे तिला बनवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

इमारत सहा मजल्यांची आणि लिफ्ट इमारतीच्याच वयाची. बाहेर जाळीचं सरकतं दार. आत लाकडी फळ्या आणि एक आरसा, ज्यात धडधाकट माणूससुद्धा दवाखान्यातून पळून आल्यासारखा दिसायचा. बटण दाबलं की आत किर्र करून घंटा वाजायची आणि ती सगळ्या मजल्यांवर ऐकू जायची. एखाद्या मजल्यावर जाळी बोटभर जरी उघडी राहिली तरी लिफ्ट जागची हलत नसे. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून प्रत्येक जण जाळी लावून, पुन्हा ओढून बघून, मगच घरात शिरायचा. तरीही लिफ्ट आली तर आली.

अशा वेळी शहाणी माणसं काय करतात? जी वेडी माणसं करतात तेच. सहाव्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, ते लिफ्टशेजारच्या भिंतीवर तळहातानं दोन थापा मारायचे. पोरांच्या पाठीत घालून घालून तयार झालेला हात तो, भिंत हलायची. पाचव्यावरच्या शिवणवाल्या काकू जाळीला तोंड लावून "चल गं बाई, चल, दमलीस का?" अशी समजूत काढायच्या. त्यांच्या समोरचे दातांचे डॉक्टर असल्या भाकडकथांना हसायचे आणि बटण डाव्या अंगठ्यानं एकदा थोडं, एकदा लांब दाबायचे. डावाच अंगठा का, तर उजव्यानं येत नाही. याला ते अनुभवसिद्ध म्हणायचे. शिकलेल्या माणसाचा अंगारा असाच असतो, फक्त पुडीवर नाव वेगळं.

या सगळ्याचा सेक्रेटरीला मनस्वी संताप यायचा. तो चौथ्यावर राहायचा. विमा कंपनीत लोकांचे दावे नामंजूर करायची नोकरी होती, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत खोट शोधायची सवय हाडीमासी खिळलेली. सोसायटीचं सेक्रेटरीपद कुणी सुखासुखी घेत नाही. सभेत जो पाणी प्यायला उठतो त्याच्या गळ्यात ते पडतं. या गृहस्थानं मात्र ते मागून घेतलं. कारण होतं बाबा.

आई गेली आणि बाबांनी बोलणं टाकलं. रागानं नव्हे. नळाची धार बारीक होत होत थांबावी तसं. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांच्या लाइनी जोडून दिलेला माणूस, स्वतःची लाइन तुटल्यावर भिंतीकडे बघत बसायला लागला. "हो", "नको" आणि "बघू" या तीन शब्दांत दिवस काढायला लागला. घरचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, औषध काही नाही, चार माणसांत बसवा. चार माणसं खाली बागेतल्या बाकांवर होती आणि बाबांचे गुडघे जिन्याचं नाव काढलं तरी कुरकुरायचे. म्हणजे लिफ्ट हवी. लिफ्ट सरळ झाली की बाबा सरळ होतील असं सोपं गणित सेक्रेटरीनं मांडलं आणि तो कामाला लागला. माणसाचं वाटोळं नेहमी सोप्या गणितानंच होतं.

बाबा बिचारे प्रयत्न करत होते. रोज लाकडी खुर्ची घेऊन लिफ्टच्या जाळीपाशी येऊन बसायचे.

"बाबा, इथं का बसलात?"

"लिफ्टची वाट बघतोय. आली तर जाईन खाली."

संध्याकाळी सेक्रेटरी ऑफिसातून यायचा, लिफ्ट यायची नाही, धापा टाकत चार मजले चढायचा, तर बाबा तिथंच आणि लिफ्ट त्यांच्या पुढ्यात उभी.

"अहो, ही तर इथंच आहे!"

"आत्ताच आली बघ."

"मग गेला नाहीत खाली?"

"आता काय, अंधार पडेल."

सेक्रेटरी लिफ्टला शिव्या घालायचा. म्हातारा माणूस दिवसभर लिफ्टची वाट बघतो आणि ती मेली संध्याकाळी उगवते! तो "जेवलात का?" एवढं विचारून आत जायचा आणि लिफ्ट कंपनीला फोन लावायचा. तिकडची बाई त्याला होल्डवर ठेवायची.

अशात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला एक पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली काही पानं गेलेली. आत कबुतरं होती. कुण्या शास्त्रज्ञानं कबुतरं पेटीत कोंडली आणि पेटीत दाणा पडायची सोय केली. एका पेटीत दाणा घड्याळावर पडायचा, कबुतरानं काहीही केलं तरी. पण कबुतराला ते कोण सांगणार? दाणा पडला तेव्हा ते गिरकी घेत असेल तर त्याला वाटायचं, गिरकीमुळेच पडला. मग ते गिरक्याच घेत बसायचं. दुसरं मान हलवत होतं, ते जन्मभर मान हलवत राहिलं. तिसऱ्या पेटीतलं प्रकरण अजून गमतीचं. तिथं चोचीनं बटण टोचलं की दाणा. दर टोचणीला दाणा मिळणारं कबूतर दाणा थांबला की लवकरच टोचणं सोडून द्यायचं. पण कधी दिला, कधी नाही दिला, अशी सवय लावलेलं कबूतर दाणा साफ बंद झाला तरी वेड्यासारखं टोचतच राहायचं.

सेक्रेटरी पलंगावर ताडकन उठून बसला.

"अगं, आपण कबुतरं आहोत!"

बायको घरी शिकवणीच्या मुलांचे पेपर तपासत होती. तिनं वर बघितलं नाही. "बरं."

"गुरुजींच्या थापांनी लिफ्ट येत नाही. ती आपली आपण येते. गुरुजींना वाटतं थापांनी आली. हा गिरकीचा प्रकार!"

"गुरुजींना सांगू नका."

"का? सत्य आहे."

"म्हणूनच म्हणते."

बायकोचा सल्ला मानला असता तर माणूस इतिहासात कुठल्या कुठे गेला असता. दुसऱ्याच दिवशी खाली गुरुजी भिंत बडवत उभे असताना सेक्रेटरीनं त्यांना पकडलं. कबूतर, पेटी, दाणा, गिरकी, सगळं नीट समजावून सांगितलं. गुरुजी शांतपणे ऐकत होते. मुख्याध्यापक माणूस शांतपणे ऐकायला लागला की वर्गातली पोरं बाकाखाली जायची, पण सेक्रेटरी त्यांच्या शाळेत नव्हता.

"म्हणजे मी कबूतर?"

"उदाहरणार्थ, गुरुजी."

"उभी हयात शाळा चालवली मी. 'उदाहरणार्थ' म्हणून कुणी कुणाला काय म्हणतं ते तू मला शिकवतोस?" आणि त्यांनी भिंतीवर दोन थापा अशा हाणल्या की पोपडा पडला.

वर काहीतरी खडखडलं. लिफ्ट डुलत डुलत खाली आली.

गुरुजींनी जाळी उघडली, आत शिरले आणि आतून जाळी लावून घेतली. "तू मागून ये," ते म्हणाले. "दाणा खाऊन."

लिफ्ट चौथ्यावर थांबल्याचा आवाज आला. गुरुजी बाबांना झाला प्रकार तिखटमीठ लावून सांगत होते, तो शब्द न् शब्द जिना चढणाऱ्या सेक्रेटरीला ऐकू येत होता.

बातमी इमारतभर झाली. आपल्याकडे पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत नीट चढत नाही, पण निंदा टाकीपर्यंत एका दमात चढते. काकूंकडे सेक्रेटरीची पँट कमी करायला दिलेली होती. ती तशीच परत आली. वर निरोप: "कबुतराला शिलाई मशीन चालवता येत नाही." दातांच्या डॉक्टरांनी तर जिन्यात अडवलं.

"बाकीच्यांचं ठीक आहे. पण माझ्या पद्धतीला तुम्ही त्यात धरलं नाही ना?"

"अंगठ्याला? अंगठा म्हणजे चोचच की हो डॉक्टर."

त्यानंतर सेक्रेटरीची दाढ दुखायला लागली तेव्हा त्याला लांबचा दवाखाना शोधावा लागला.

अपमान गिळायची सवय नोकरदाराला असते. ऑफिसात तो साहेबाचा गिळतो, घरी भाजीवाल्याचा. पण आपलं बरोबर असताना अपमान झाला की तो घशात अडकतो. सेक्रेटरीनं ठरवलं, लिफ्टच दुरुस्त करून टाकायची. दर वेळी येणारी लिफ्ट झाली की थापा बंद, लाडीगोडी बंद, अंगठा बंद आणि बाबा बागेत. महिनाभर होल्डवर राहून त्यानं मेकॅनिक मिळवला.

मेकॅनिक आला. वर मशीनच्या खोलीत गेला, खाली खड्ड्यात डोकावला, प्रत्येक मजल्यावर जाळी उघडली, लावली. शेवटी कापसानं हात पुसत म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे."

"मग येत का नाही?"

"दार. चौथ्याचं दार उघडं राहतंय."

"चौथ्याचं? चौथ्यावर मी राहतो! समोरचं घर कुलूपबंद आहे!"

"म्हणूनच तुम्हाला सांगतोय, साहेब."

"माझ्या घरचं माणूस दार उघडं टाकणार नाही."

मेकॅनिकनं खुर्चीवर बसलेल्या बाबांकडे बघितलं. बाबा छताकडे बघत होते. मेकॅनिकनं पण थोडा वेळ छताकडे बघितलं. "मग जाळी झिजली असेल," तो म्हणाला. "ऑटोमॅटिक दारं बसवून टाका. आपोआप लागतात. माणसाचा हात लागायलाच नको."

सेक्रेटरीला हे एकदम पसंत पडलं. माणसाचा हात लागला नाही की जगातले अर्धे घोटाळे मिटतात, असं त्याचं विमा कंपनीतलं मत होतं. रविवारी संध्याकाळी सभा ठरली. विषय एकच, ऑटोमॅटिक दारं. डॉक्टरांनी आधीच अनुमोदन दिलं. शास्त्र म्हटल्यावर त्यांना मागे राहता येईना. सेक्रेटरीनं ही आनंदाची बातमी बाबांना दिली.

"बाबा, पुढच्या महिन्यापासून बटण दाबलं की लिफ्ट हजर. रोज. दर वेळी."

"दर वेळी?"

"दर वेळी! थांबायला नको, वाट बघायला नको. कुणालाच."

बाबांनी लिफ्टच्या जाळीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "बघू." आणि खुर्ची उचलून आत गेले. त्या दिवशी ते पुन्हा बाहेर आले नाहीत. जेवायलाही नको म्हणाले. सेक्रेटरीला वाटलं, हवा बदलल्यामुळे असेल.

रविवारी सकाळी त्याच्या डोक्यात आलं, सभेत आकडेवारी हवी. या कबुतरांचं प्रत्यक्ष निरीक्षण करावं. चौथ्या आणि पाचव्याच्या मधल्या वळणावर तो पायरीवर बसला. तिथून खाली चौथ्यावरची जाळी दिसायची आणि खालचं बोलणं लिफ्टच्या बोगद्यातून ऐकू यायचं. बाबा बाहेर येऊन खुर्चीवर बसले होते. आज काहीसे घाईत, दुकान उठायच्या दिवशी दुकानदार बसतो तसे. लिफ्ट त्यांच्यासमोर उभी होती.

बाबांनी इकडेतिकडे बघितलं. हात लांब केला. आणि जाळी बोटभर सरकवली.

सेक्रेटरीनं डोळे चोळले.

खाली घंटा वाजली. किर्र. बाबा मान तिरकी करून ऐकू लागले. कानाला हेडफोन असल्यासारखे, बोटं जाळीवर. मग काकूंचा आवाज आला. "चल गं बाई, चल, दमलीस का?" बाबांचा चेहरा उजळला, पण हात हलला नाही. "आज काय रुसलीस का गं?" बाबा ओठ दाबून हसले. काकूंनी एक उसासा टाकला आणि चपला जिन्यावर वाजायला लागल्या. बाबांनी जाळी हळूच लावली आणि हात मांडीवर ठेवले, नामानिराळे.

काकू चौथ्यावर आल्या, कठड्याला टेकल्या. "अण्णा, मेली आली नाही बघा. अगं बाई, ही तर इथंच!"

"आत्ताच आली बघा. बसा जरा, दम खा. काल तुमची लेक येणार होती ना, काय झालं?"

सेक्रेटरीचा जबडा खाली आला. बाबांच्या तोंडून एवढं लांब वाक्य त्यानं आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. काकू लेकीचं, जावयाचं, जावयाच्या आईचं सांगत बसल्या. बाबांना सगळ्यांची नाती पाठ होती. मग त्या उरलेला एक मजला लिफ्टनं गेल्या. बाबांनी बटण दाबून लिफ्ट पुन्हा खाली बोलावली आणि जाळी बोटभर सरकवली.

थोड्या वेळानं थापा आल्या. धप्, धप्. बाबांनी वाट बघितली. पुन्हा धप्, धप्. या खेपेला बाबांनी जाळी लावली. लिफ्ट खाली गेली आणि गुरुजींना घेऊन वर येताना चौथ्यावर थांबली. गुरुजींनी आतूनच आरोळी दिली, "आली की नाही, अण्णा? चार थापांत! आणि तुमचा चिरंजीव म्हणतो कबूतर!" बाबा आणि गुरुजी दोघं मिळून चिरंजीवाला हसले. चिरंजीव वळणावर बसून ऐकत होता.

गुरुजी गेल्यावर तो खाली उतरला. बाबा दचकले नाहीत. एक्स्चेंजमधल्या माणसाला कुणी लाइनवर ऐकतंय हे कळतं.

"बाबा, हे तुम्ही?"

"हं."

"गुरुजींना चार थापांत, काकूंना अजिबात नाही. काही नियम?"

"नियम लावला तर संपलंच." बाबा खुर्चीत सरळ बसले. "नाही आली तर दम खायला थांबतात. आली तर सांगायला थांबतात. रोज आली असती तर सरळ वर गेले असते. रोज नसती आली तर तू पहिल्याच आठवड्यात मेकॅनिक आणला असतास. माणसाला होल्डवर किती ठेवलं की तो फोन आपटतो, हे मला कुणी शिकवायला नको. त्याच्या अलीकडे लाइन जोडायची. पण नेमकी कधी, ते त्याला कळू द्यायचं नाही."

सेक्रेटरीनं मुखपृष्ठ गेलेल्या पुस्तकातलं जे दोनदा वाचून समजून घेतलं होतं, ते सगळं या खुर्चीवर बसलेलं होतं. शिवाय त्यात एक चूकही सापडली. कबुतरांच्या गिरक्यांचा दाण्याशी संबंध नव्हता. इथं होता. गुरुजींच्या थापेनंच लिफ्ट येत होती. कधी कधी.

"आणि मी?" त्यानं विचारलं. हे विचारताना त्याला थोडी लाज वाटली, पण कुतूहल मोठं होतं. "मी आलो की कधीच येत नाही ती. माझी खूण काय?"

"तुझी कुठली खूण?" बाबा म्हणाले. "तू बटण दाबतोस, चरफडतोस आणि चढतोस. माझ्यासमोरून 'जेवलात का' म्हणतोस आणि आत जातोस. उत्तरसुद्धा ऐकत नाहीस."

सेक्रेटरी आत गेला. बायको पेपर तपासत होती.

"तुला माहीत होतं?"

"घरात दिवसभर मीच असते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नोटीस लावली असती."

लावली असती.

सभा खाली लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत भरली. खुर्च्या, चहा आणि एकमेकांवरचा जुना राग, असा नेहमीचा सरंजाम. सेक्रेटरी उभा राहिला. सगळ्यांची तोंडं कबुतराचा बदला घ्यायला तयार. नाव घ्यावं तर बाप उघडा पडतो आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतो. गप्प बसावं तर दारं बसतात आणि तेच होतं. कात्रीत सापडणं म्हणतात ते हे.

"ऑटोमॅटिक दारांचा विषय मी मागे घेतो," तो म्हणाला.

"का?" डॉक्टर उसळले. "मी अनुमोदन दिलंय! दोष सापडला ना?"

"दारात दोष नाही."

"मग कशात आहे?"

सेक्रेटरीनं हातातला कागद घडी करून खिशात घातला. आयुष्यात त्यानं हजार दावे नामंजूर केले होते. एखादा मंजूर करणं इतकं जड जातं हे त्याला माहीत नव्हतं.

"गुरुजींच्या थापेत दम आहे," तो म्हणाला. "मी आज सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. थापा पडल्या आणि लिफ्ट आली. थापांमुळेच आली."

गुरुजी सावकाश उभे राहिले.

"मग कबूतर कोण?"

"मी, गुरुजी."

"मोठ्यानं."

"कबूतर मी!"

टाळ्या पडल्या. काकू पदर सावरत म्हणाल्या, "आणि माझं 'चल गं बाई' हो?"

"तेही लागू पडतं काकू. रोज नाही, पण पडतं."

"बघा! मी सांगत होते!"

डॉक्टर चुळबुळ करत होते. शास्त्र एका बाजूला, अंगठा एका बाजूला. शेवटी खाकरून म्हणाले, "सेक्रेटरी, निरीक्षणात, म्हणजे केवळ माहिती म्हणून, डावा अंगठा..."

"फार प्रभावी आहे, डॉक्टर."

डॉक्टरांनी अनुमोदन मागे घेतलं. दारांचा विषय एकमतानं निकालात निघाला. सोसायटीत एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही सेक्रेटरीच्या अकलेवर. वर चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून कुणीतरी खोकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ऑफिसातून आला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. बटण दाबलं. किर्र. लिफ्ट आली नाही. का येत नाही हे या इमारतीत त्याच्याइतकं पक्कं फक्त आणखी दोघांना ठाऊक होतं. सरळ जिना चढावा, हे सगळ्यात शहाणपणाचं. तो पहिल्या पायरीपर्यंत गेला. परत आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून घेतलं. जाळीपाशी तोंड नेलं.

"बाबा."

काही नाही.

"बाबा!"

वर खुर्ची किंचित कुरकुरली. लिफ्ट हलली नाही. पहिल्याच हाकेला दाणा टाकणाऱ्यांतले ते नव्हेत, हे त्याला कळत होतं, तरीही तो उभाच राहिला. एवढं शिकलेलं कबूतर पुस्तकातही नव्हतं.

"अहो बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय," वरून आवाज आला. "आज नाही सोडत. आज जिन्यानं ये."

तो चढला. चरफडला नाही. चौथ्यावर पोचला तेव्हा जाळी घट्ट लागलेली होती, लिफ्ट पुढ्यात उभी होती आणि बाबांच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची मांडलेली होती. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि धापा टाकत बसला.

"आत्ताच आली बघ," बाबा म्हणाले.